दारातच वाढलेलं ताट : जपानी हॉटेलांतले नमुने आणि रीतीभाती

अबोली_ओसाका (धागाकर्ती)

अकरा वर्षांपूर्वी ओसाकात उतरलो त्या संध्याकाळी मला जपानीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. घरात गॅसची जोडणी व्हायची होती, नवरा सामान लावण्यात अडकलेला, आणि पाच वर्षांची लेक भुकेनं रडकुंडीला आलेली. तिला घेऊन स्टेशनाखालच्या भुयारी बाजारात शिरले तर दोन्ही हातांना हॉटेलंच हॉटेलं, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या दाराशी एक काचेचं कपाट. कपाटात ताटं वाढून ठेवलेली. भाताचं शीत न् शीत सुटं दिसत होतं, सुपाच्या वाटीत कांद्याची पात तरंगत होती, बर्फ घातलेल्या सरबताच्या पेल्याला बाहेरून दव आलं होतं. वाफ तेवढी नव्हती.

लेकीनं एका ताटावर बोट ठेवलं. पिवळंधम्मक ऑम्लेट, त्याच्या आत भात, वर टोमॅटो सॉसची लाल रेघ. मी आत जाऊन काय सांगणार? दारातच घुटमळत होते. तेवढ्यात आतला मुलगा ॲप्रनला हात पुसत बाहेर आला, लेकीशेजारी उकिडवा बसला, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून काचेकडे बघितलं आणि आपलं बोट तिच्या बोटाशेजारी टेकवलं. तिनं मान हलवली. दहा मिनिटांत तेच ताट समोर आलं. सॉसची रेघसुद्धा तशीच, डावीकडून उजवीकडे.

या पदार्थाला ओमुराइसु म्हणतात हे नंतर कळलं. आणि काचेतल्या खोट्या पदार्थांना ‘शोकुहिन सानपुरु’. ‘शोकुहिन’ म्हणजे खाद्यपदार्थ, आणि ‘सानपुरु’ म्हणजे आपलं सॅम्पलच, जपानी जिभेवर बसवलेलं.

तेव्हापासून या नमुन्यांचा मला लळा लागला आहे. १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर टोकियोतल्या शिरोकिया या भल्यामोठ्या दुकानाच्या भोजनगृहात असे नमुने मांडले होते. बाहेरच पदार्थ बघायचा, ठरवायचा, म्हणजे आत खोळंबा होत नाही. पण याचा खरा धंदा उभा केला तो इवासाकी ताकिझो या माणसानं. जन्म १८९५ चा, गिफू प्रांतातल्या गुजो हाचिमान गावचा. लहानपणी मेणबत्तीचं मेण पाण्यात ठिबकलं की त्याची फुलं होतात हे त्यानं पाहिलं होतं. मोठेपणी ओसाकात तेच डोक्यात घेऊन खटपट करत राहिला. त्याच्या बायकोनं केलेल्या ऑम्लेटवरून त्यानं मेणाचं ऑम्लेट केलं आणि १९३२ साली ओसाकात कारखाना काढला. साचे कशाचे? कांतेनचे, म्हणजे आपलं चायना ग्रास! आपण ज्याच्या वड्या पाडतो त्यात हा माणूस पदार्थांचे साचे काढायचा. खरं ऑम्लेट कुठलं आणि मेणाचं कुठलं हे बायकोलाही ओळखता आलं नाही, असं सांगतात. लेकीनं पहिल्याच दिवशी नेमकं ऑम्लेटवर बोट ठेवावं याचं मला आजही अप्रूप वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही मुद्दाम गुजो हाचिमानला जाऊन आलो. आजही या धंद्याचं ते मोठं केंद्र आहे. गावभर पाण्याचे पाट खळखळतात. तिथे पर्यटकांना मेणाचं लेट्यूस करायला शिकवतात. कोमट पाण्याचं मोठं पात्र असतं. पांढरं मेण पळीनं पाण्यावर पट्टीसारखं सोडायचं, त्याला लागून हिरवं. मग हिरव्या कडेला दोन्ही हातांनी धरायचं आणि हळूहळू पाण्याखाली ओढत न्यायचं. ओढता ओढता मेण कागदासारखं पातळ होतं, त्याला आपोआप चुण्या पडतात, शिरा दिसायला लागतात. मग पाण्यातच गुंडाळून गड्डा करायचा. शिकवणाऱ्या बाईंनी तो गड्डा गरम सुरीनं मधोमध कापला तर आत पानावर पान, अगदी बाजारातून आणल्यासारखं. लेक आता सोळा वर्षांची आहे, सहसा कशाला वाहवा म्हणत नाही, पण तिनं तो अर्धा गड्डा परतीच्या गाडीत मांडीवरून खाली ठेवला नाही.

भाषा न येणाऱ्या माणसाला खजील न करता जेवू घालायची ही रीत मला फार मोलाची वाटते. म्हणून हा धागा. जपानमधल्या, किंवा आशियात इतर कुठल्याही, हॉटेलांतल्या रीती तुम्ही पहिल्यांदा पाहिल्यात तेव्हाचे अनुभव लिहा.

सह्याद्री७

सुरेख लिहिलंय. टोकियोत असाल तर काप्पाबाशी चुकवू नका. उएनो आणि आसाकुसा यांच्या मधला रस्ता, दोन्ही बाजूंना फक्त हॉटेलवाल्यांची दुकानं. भांडी, सुऱ्या, नोरेन म्हणजे दारावरचे कापडी पडदे, कंदील, आणि नमुने. कोपऱ्यावरच्या इमारतीच्या माथ्यावर आचाऱ्याचं प्रचंड मुंडकं आहे, ते दिसलं की पोचलात समजा.

तिथल्या एका दुकानात मी मेणाचा कोळंबीचा तेंपुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेली कोळंबी, करून पाहिला. पिवळसर मेण उंचावरून गरम पाण्यात ओतलं की पाण्यावर पसरून त्याची जाळी होते, भज्यांच्या कढईत पिठाचे थेंब फुलतात तशी. त्यावर कोळंबी ठेवायची आणि जाळी तिच्याभोवती लपेटायची. उंची कमी पडली तर जाळी होत नाही, नुसता गोळा होतो. माझे पहिले दोन फुकट गेले.

हॉटेलांसाठीचे नमुने मात्र आता मेणाचे नसतात. मेण उन्हानं मऊ पडायचं, रंग विटायचा. साधारण १९७०-८० च्या काळात हा धंदा प्लास्टिकच्या राळेकडे वळला. हॉटेलवाला स्वतःचं ताट कारागिराकडे पाठवतो. त्यावरून सिलिकॉनचा साचा काढतात, राळ ओततात, भट्टीत पक्की करतात आणि मग हातानं रंगवतात. म्हणून एकाच गल्लीतल्या दोन हॉटेलांचे उदोन (रश्शातल्या गव्हाच्या जाड शेवया) सारखे दिसत नाहीत. ज्याचं त्याचं आपलं ताट असतं. किंमत मूळ पदार्थाच्या कित्येक पट.

मृदुला_के

वाचतेय. लेट्यूसचा परिच्छेद दोनदा वाचला.

घाटमाथा

धागा छान, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. काचेतलं ताट दिसतं तेवढंच खरं सांगतं. मी पूर्ण शाकाहारी. क्योतोत पहिल्या आठवड्यात काचेत बघून उदोन निवडला. वर गोडसर तळलेलं तोफू, पातीचा कांदा, बाकी स्वच्छ रस्सा. मासळीचा मागमूस नाही. तीन दिवस समाधानानं तेच जेवलो. चौथ्या दिवशी ऑफिसातल्या सहकाऱ्यानं अगदी हळू आवाजात विचारलं, ‘दाशी चालते तुला?’ तेव्हा कळलं, त्या रश्शाचा पायाच दाशी, आणि ती बहुतेक करून कात्सुओबुशीची, म्हणजे वाळवून धुरावलेल्या माशाच्या किसाची. हॉटेलची काही चूक नाही, त्यांच्या लेखी ते पाण्यासारखं आहे. पण मला रात्रभर झोप आली नाही. ज्यांच्या घरी हे पाळतात त्यांनाच ते कळेल.

तेव्हा शाकाहाऱ्यांनी दोन वाक्यं पाठ करून जावीत. ‘नीकु मो साकाना मो ताबेमासेन’, म्हणजे मांस आणि मासे दोन्ही खात नाही. आणि ‘दाशी मो दामे देसु’, म्हणजे दाशीही चालत नाही. नुसतं ‘नीकु नको’ म्हणून भागत नाही. त्यानं कित्येकांच्या डोळ्यांपुढे फक्त गाय-डुकराचं मांस येतं, आणि सॅलडवर बेकनचे तुकडे भुरभुरून येतात.

पोटभर आणि मनाला स्वस्थता देणारं जेवण मला मिळालं ते कोयासानला. ओसाकाच्या नाम्बाहून गाडी, शेवटी डोंगर चढायला केबल कार. नवव्या शतकात कुकाई या बौद्ध भिक्षूंनी वसवलेलं हे बौद्ध क्षेत्र. तिथल्या मठांत राहायची सोय असते आणि जेवण शोजिन र्‍योरी. मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. चातुर्मासातल्या आमच्या आजीच्या स्वयंपाकाची आठवण झाली. दाशी कोंबूची, म्हणजे समुद्री वनस्पतीची, आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांची. लाल लाखेच्या बुटक्या चौरंगावर लहान लहान वाट्या मांडून आणतात. तिळाचं तोफू जिभेवर खरवसासारखं विरघळतं. तिथे काचेचं कपाट नाही, निवडायचं काही नाही, जे समोर येईल ते घ्यायचं. मला तेच बरं वाटलं.

जाता जाता : कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. २०१५ साली उभारला, अनावरणाला आपले तेव्हाचे मुख्यमंत्री गेले होते. मराठी माणसानं तिथवर जाऊन तो पाहिल्याशिवाय परतू नये.

अबोली_ओसाका (धागाकर्ती)

@घाटमाथा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी अंडी-मासे खाते, त्यामुळे माझ्या लेखात ही बाजू सुटली. माझी जाऊ आली होती तेव्हा तिच्यासाठी मी त्या दोन वाक्यांचा कागदच लिहून दिला होता. ती तो नुसता पुढे करायची. एका म्हातारबाबांनी कागद वाचला, आत जाऊन बायकोशी बोलून आले आणि दोन्ही हात छातीशी आडवे धरून फुली केली. काही होणार नाही म्हणून. मग स्वतः चपला घालून तिसऱ्या दुकानापर्यंत सोडायला आले, जिथे तिला चालेल असं काहीतरी मिळणार होतं.

देवगडकर

नमस्कार. पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन जपानला निघालोय, म्हणून हा धागा वाचतोय. बाबा ७४, आई ७०. दोघं पक्के मासेखाऊ, पण गाय-डुक्कर वर्ज्य. मी मागे कामासाठी एकदा गेलो होतो तेव्हाचा एक सल मनात आहे. चौघं एका इझाकायात, म्हणजे दारूसोबत खायला मिळतं तशा ठिकाणी, बसलो. न मागता चार छोट्या वाट्या आल्या, आम्ही पाहुणचार समजून खाल्ल्या. बिलात माणशी ४०० येन, म्हणजे १६०० येन जास्तीचे. विचारलं तर कुणाला धड सांगता येईना. परदेशी बघून लुबाडलं असं वाटून चडफडत बाहेर पडलो. आता आईबाबांसमोर तसं होऊ नये. आणि काही हॉटेलांत जेवणाचं तिकीट यंत्रातून काढावं लागतं, त्या यंत्रांचं काय करायचं?

अबोली_ओसाका (धागाकर्ती)

@देवगडकर, लुबाडलं नाही हो, खरंच. त्याला ओतोशी म्हणतात, आमच्या कानसाईत, म्हणजे ओसाका-क्योतोच्या भागात, त्सुकिदाशी. दारू पिण्याच्या ठिकाणी बसलात की ही वाटी येते, आणि ती जागेच्या भाड्यासारखी धरतात. साधारण ३०० ते ५०० येन. शेजारच्या टेबलावरच्या जपानी माणसाच्या बिलातही ती असते. पहिला पदार्थ तयार होईपर्यंत तोंडात टाकायला काहीतरी, असा तिचा मूळ हेतू. पण दारावर ती कुठे लिहिलेली नसते, आणि नवख्याला कळायला मार्ग नाही, ही तुमची तक्रार मला रास्त वाटते. इतकं सगळं काचेत मांडून दाखवणाऱ्या देशात ही एक वाटी तेवढी काचेबाहेर राहिली आहे. आईबाबांना घेऊन इझाकायात न जाता दुपारी तेइशोकुच्या हॉटेलात जा. भात, मिसो सूप, लोणचं आणि एक मुख्य पदार्थ असं ताट ठरलेलं, किंमत नमुन्याशेजारीच लिहिलेली, पाणी किंवा चहा फुकट. बक्षिसी ठेवायची नाही. ठेवलीत तर विसरले समजून पोरगं रस्त्यापर्यंत धावत येईल परत द्यायला.

सह्याद्री७

यंत्राचं मी सांगतो. आधी पैसे घाला, मग बटण दाबा. डावीकडचं सगळ्यात वरचं बटण बहुधा त्या दुकानाच्या खास पदार्थाचं असतं. तिकीट आलं की ते काउंटरवर ठेवायचं, बस्स. काही विचारलं तर बहुतेक ‘सोबा की उदोन’ एवढंच. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. दारावर नोरेन लटकत असेल तर दुकान चालू. तो आत घेतला असेल तर पाट्या वाचायची गरज नाही, बंद आहे.

इंदूताई

मी नागोयाला मुलाकडे सहा महिने राहून आले. माझं वय ६८. हॉटेलात गेल्यावर आधी हात पुसायला ओला रुमाल देतात, उन्हाळ्यात गार, थंडीत गरम. ओशिबोरी. जेवायला बसण्याआधी हात धुवा म्हणून मुलांच्या मागे लागण्यात माझा जन्म गेला, तेव्हा मला हे भारी आवडलं.

चॉपस्टिक्सचं मात्र सांगते. पहिल्यांदा मी काड्या भातात उभ्या खोचून ठेवल्या आणि पाणी प्यायले. सुनेच्या जपानी मैत्रिणीनं काही न बोलता त्या काढल्या आणि आडव्या ठेवल्या. घरी आल्यावर सुनेनं सांगितलं, माणूस गेल्यावर त्याच्यासाठी भाताची वाटी ठेवतात, तिच्यात काड्या उभ्या खोचतात. तसंच एका काडीतून दुसऱ्या काडीत घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. ऐकून अंगावर काटा आला. आपण पिंड ठेवतो, कावळा शिवायची वाट बघतो. कुणी जेवणाच्या ताटात तसा भाताचा गोळा मांडला तर आपल्याला कसं होईल? ती मुलगी माझ्यावर रागावली नाही, सगळ्यांसमोर बोलली नाही. तेवढं शहाणपण तिच्या वयात मला नव्हतं.

जेवण झाल्यावर ‘गोचिसोसामा’ म्हणतात. मुलगा म्हणाला, त्यात धावपळ करणं असा अर्थ दडलेला आहे, पाहुण्यासाठी यजमानानं केलेली धावपळ. आमचे वडील आचवल्यावर ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणायचे. मी दोन्ही म्हणायची.

सोलनिवासी

कोरियातून. इथे नमुन्यांची कपाटं जपानइतकी नाहीत, पण रीती वाचून गंमत वाटेल. जपानमध्ये भाताची वाटी हातात उचलून खातात, इथे वाटी टेबलावरच ठेवायची आणि भात चमच्यानं खायचा. उचलली की म्हाताऱ्या माणसांच्या कपाळाला आठी. काड्या धातूच्या. टेबलाच्या कडेला खण असतो, त्यात चमचे-काड्या, ते आपणच काढून सगळ्यांना द्यायचे. वाढप्याला बोलवायला टेबलावर घंटीचं बटण. आणि बानचान! किमची, मोड आलेली कडधान्यं, पालक, मुळा अशा चार-सहा वाट्या न मागता येतात आणि त्यांचे पैसे नसतात. संपल्या की परत मिळतात. @देवगडकर, तुमच्या १६०० येनांचं दुःख इथे भरून निघेल, या एकदा.

कोथरूडची_सई

मी उलट्या बाजूनं लिहिते, चालेल ना? आमच्या चाकणच्या कारखान्यात ओसाकाहून एक अभियंते आले होते, पन्नाशीचे, अतिशय शालीन. त्यांना आम्ही पुण्यात थाळीच्या हॉटेलात नेलं. त्यांनी पानातलं सगळं नीट संपवलं, शेवटचं शीतही. वाढपी आला, परत वाढून गेला. त्यांनी परत संपवलं. परत वाढलं. आम्ही आपापल्या गप्पांत. थोड्या वेळानं माझं लक्ष गेलं तर त्यांच्या कपाळावर घाम आणि समोर आणखी दोन पुऱ्या. त्यांच्याकडे पान चाटूनपुसून संपवणं म्हणजे करणाऱ्याचा मान, आणि आपल्याकडे रिकामी वाटी म्हणजे ‘अजून वाढा’. दोन्ही बाजू आपापल्या परीनं पाहुण्याचा आणि अन्नाचा आदरच करत होत्या, आणि मधे तो माणूस गुदमरत होता.

मी त्यांना हात आडवा धरायला शिकवलं. पानावर पंजा पालथा धरायचा, थोडं पुढे वाकायचं. त्यांनी तसं केलं, वाढपीकाका लगेच थांबले आणि हसून पुढे गेले. पण मला फार वाईट वाटलं. बसल्या बसल्या सांगायचं साधं काम माझं होतं. अबोली, तुझ्या लेकीशेजारी उकिडवा बसलेल्या त्या मुलाबद्दल वाचलं तेव्हा हेच आठवलं.

आता परदेशी पाहुणे आले की मी पहिली पुरी येण्याआधी तो हात दाखवते.

मृदुला_के

सई, हे मी माझ्या जर्मन जावयाला आधीच सांगायला हवं होतं. बिचारा आमरसाच्या सहा वाट्या प्यायला होता.

देवगडकर

जाऊन आलो. सगळ्यांचे आभार. सविस्तर प्रवासवर्णन वेगळं लिहीन, इथे फक्त एकच.

पहिले चार दिवस बाबा अगदी गप्प होते. देवगडात मासळीबाजारात गेले की चार जण त्यांना विचारून मासे घेतात, आणि इथे प्रत्येक गोष्टीला माझ्या तोंडाकडे बघायचं. हॉटेलात काय घेऊ विचारलं की म्हणायचे, ‘तुका जा बरा वाटात ता सांग.’ पाचव्या दिवशी हिरोशिमात स्टेशनाजवळ एका कपाटासमोरून जात होतो. बाबा थांबले. चष्मा वर केला, नाक काचेला टेकेल इतके वाकले आणि म्हणाले, ‘अरे, हो तर बांगडो!’

मी बघितलं. भाजलेली साबा, आपल्या बांगड्याच्या कुळातली जपानी मासळी. पाठीवरच्या निळसर वेड्यावाकड्या रेघा, पोटाकडे रुपेरी, कातडीला सुरीनं दिलेला छेद आणि छेदाच्या कडा करपलेल्या. बाजूला किसलेल्या मुळ्याचा गोळा. कारागिरानं करपलेल्या जागी कातडी जरा फुगवलीसुद्धा होती. बाबा म्हणाले, ‘आपलो न्हय, पण तेचो भाव असतलो. आणि ताजो होतो भाजलो तेव्हा, पोट फुटाक नाय बघ.’ भाव म्हणजे आमच्याकडे भाऊ. आणि ज्या माशावरून साचा काढला त्याच्या ताजेपणाबद्दल ते बोलत होते.

मी दार उघडायला पुढे झालो तर मला बाजूला सारून स्वतः आत गेले. वाढणाऱ्या बाईंना हातानं बाहेर बोलावलं, काचेवर बोट ठेवलं, मग दोन बोटं दाखवली. एक आईसाठी. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘तुका काय होया ता तू बघ.’

जेवताना काटा न् काटा वेगळा करून पानाच्या कडेला रांगेत लावला, घरी लावतात तसा. उठताना मी त्यांना इंदूताईंचा शब्द सांगितला. त्यांना ‘गोचिसो’पर्यंतच आलं. मग हात जोडून ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणाले. बाईंना ते कळलं की नाही माहीत नाही, पण त्यांनी आतल्या आचाऱ्याला हाक मारली. तो बाहेर आला, बाबांच्या पानातला तो साफ सांगाडा बघितला आणि कमरेत वाकला.

@अबोली_ओसाका, तो नमुना कुठे विकत मिळेल का? बाबांच्या वाढदिवसाला द्यायचा आहे.

अबोली_ओसाका (धागाकर्ती)

साबा ना? शनिवारी जाऊन विचारते. करपलेल्या कडांचाच बघते.